अंघोळीचा साबण स्वस्त झाला, मग कपड्यांची पावडर का नाही? कुरकुंभसारख्या गावात बचत नेमकी कुठे होते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. अंघोळीच्या साबणाची वडी, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आला. महिन्याच्या किराण्याचं बिल कमी होणार, असे मेसेज तेव्हा जोरात फिरले. पण या यादीत एक गोष्ट नव्हती. कपडे धुण्याची पावडर आणि लिक्विड डिटर्जंट १८ टक्क्यांतच राहिलं.

पुणे-सोलापूर हायवेवरच्या कुरकुंभसारख्या गावात हा फरक चांगलाच जाणवतो. फिरंगाई देवीचं हे गाव आज ओळखलं जातं ते एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांमुळे. कंपनीत काम म्हणजे रोज मळणारा युनिफॉर्म. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारांना पावडर घ्यावी लागते ती बहुतेक दहा-वीस रुपयांच्या पुडीत. आणि आसपासच्या अनेक ठिकाणी धुण्यासाठी असतं ते बोअरचं जड पाणी.

मग पावडर स्वस्त झाली नाही म्हणून खर्च कमी करताच येणार नाही का? तर येतो. थोडा हिशोब करून पाहू.

कर कमी झाला असता तर किती वाचले असते?

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा डिटर्जंटवर २८ टक्के कर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो १८ टक्क्यांवर आणला गेला. तेव्हापासून आजपर्यंत तो तिथेच आहे.

समजा, एक किलो पावडर ११८ रुपयांना मिळते. त्यात १०० रुपये वस्तूचे आणि १८ रुपये कराचे. हाच कर ५ टक्के असता तर किंमत १०५ रुपये झाली असती, म्हणजे किलोमागे १३ रुपये कमी. महिन्याला अडीच किलो पावडर लागणाऱ्या घराचे साधारण ३२ रुपये वाचले असते.

आता दुसरी बाजू. याच घरात महिन्याला २५ वेळा धुणं निघतं आणि दर वेळी अंदाजे १०० ग्रॅम पावडर पडते. तेच काम ७० ग्रॅममध्ये झालं, तर महिन्याला ७५० ग्रॅम पावडर वाचते. ११८ रुपये किलोच्या भावाने तिचे होतात साधारण ८८ रुपये. म्हणजे करकपातीतून मिळाले असते त्याच्या अडीचपटीहून जास्त पैसे घरच्या बादलीतच वाचतात.

पण ३० ग्रॅम जास्तीची पावडर जाते कुठे?

याचं उत्तर पाण्यात आहे. शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन पाणी' असा शब्द होता, बोलताना आपण त्याला जड पाणी म्हणतो. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, अंघोळीनंतर केस राठ होतात, ही त्याची ओळख. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो.

अशा पाण्यात पावडर टाकली की तिचा एक हिस्सा मळ काढण्याआधी या क्षारांशीच झुंजण्यात संपतो. फेस कमी येतो. फेस दिसला नाही की आपण आणखी मूठभर पावडर टाकतो. पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जास्तीची पावडर कपड्यातच राहते, ती काढायला आणखी दोन बादल्या पाणी लागतं. टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या घरात हा दुहेरी खर्च होतो.

यावर स्वस्त उपाय आहे का?

आहे. किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा. १५-२० लिटरच्या बादलीत पावडरच्या आधी एक-दोन चमचे सोडा टाकून ढवळायचा. तो कॅल्शियमला बांधून खाली बसवतो आणि पावडर मळासाठी मोकळी राहते. पण काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. खाण्याचा सोडा वेगळा, त्याने हे काम तितकं होत नाही. धुण्याच्या सोड्याने हाताची कातडी कोरडी पडते, त्यामुळे हातमोजे घातलेले बरे. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना तो चालत नाही. शिवाय अनेक स्वस्त पावडरींमध्ये सोडा आधीच भरपूर असतो. त्यामुळे आधी थोड्या कपड्यांवर प्रयोग करून पाहावा.

तुरटीचं काय? तुरटीने गढूळ पाण्यातला गाळ बसतो, क्षार जात नाहीत. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी धुण्याला वापरायचा सल्लाही सगळीकडे मिळतो. पाणी वाया जात नाही हे खरं, पण त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते फरशी पुसायला ठीक, कपड्यांना मात्र जास्त पावडर मागतं. याउलट पावसाळ्यात पत्र्यावरून पिंपात उतरणारं पाणी सर्वांत हलकं. सुरुवातीच्या एक-दोन सरी सोडून दिल्या, तर पुढचं पाणी धुण्याला उत्तम.

एक सावधानता मात्र हवी. कुरकुंभ परिसरात भूजल प्रदूषित होत असल्याच्या तक्रारी अनेक वर्षांपासून आहेत. पाण्याला रंग किंवा उग्र वास असेल, तर तो जडपणा नव्हे. त्यावर सोड्याचा उपाय नाही. त्याची तक्रार ग्रामपंचायत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची असते.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं का?

नाही. अनेकदा छोटी पुडीच ग्रॅममागे स्वस्त असते. समजा, १० रुपयांच्या पुडीत ७५ ग्रॅम पावडर आहे. किलोचा भाव झाला १३३ रुपये. शेजारी किलोचं पाकीट १४० रुपयांना असेल, तर पुडी घेणारा शहाणा ठरतो. पण पुढच्या महिन्यात त्याच १० रुपयांत ६५ ग्रॅम आले, तर किलोचा भाव १५४ रुपये होतो. पुडीवरचा आकडा तोच, पण पावडर १५ टक्क्यांनी महाग.

हे होऊ शकतं, कारण नियम बदलले. पूर्वी डिटर्जंटसह काही वस्तू ठरावीक वजनातच पॅक कराव्या लागत. २०२१ मध्ये पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि हे बंधन गेलं. त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या हाती एक हत्यारही दिलं, ते म्हणजे युनिट सेल प्राइस. पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो. दुकानात ब्रँड, ऑफर आणि 'एक्स्ट्रा' यांच्याआधी तोच आकडा पाहायचा.

पावडरचे भाव मुळात वर-खाली का होतात? कारण डिटर्जंटमधला मळ काढणारा मुख्य घटक पेट्रोलियमपासून तयार होतो. कच्चं तेल भडकलं की त्याची झळ न्हाणीघरापर्यंत पोहोचते. हे ना दुकानदाराच्या हातात, ना ग्राहकाच्या.

कंपनीचा मळ, घरची पावडर

केमिकल कंपनीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. युनिफॉर्म घरच्या, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांसोबत भिजवू नये. आधी साध्या पाण्यातून काढून वेगळ्या बादलीत धुवावा. डाग जात नाही म्हणून ब्लीच आणि अॅसिड एकत्र करणं तर जिवावर बेतू शकतं, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

आणि हा खर्च कोणाचा, हेही विचारायला हवं. अनेक कंपन्यांच्या पगाराच्या स्लिपवर 'वॉशिंग अलाउन्स' म्हणजे धुलाई भत्ता असतो. तो आपल्याला मिळतो का, हे कंत्राटी कामगारांनी ठेकेदाराला विचारून घ्यावं. कामावर मळलेला युनिफॉर्म धुण्याची पावडर घरच्या किराण्यातून जात असेल, तर तो पगारातून होणारा खर्चच आहे.

थोडक्यात काय करायचं?

पावडरच्या डब्यात मापाचा चमचा ठेवायचा आणि आठवडाभर नेहमीपेक्षा थोडी कमी टाकून पाहायची. कपडे अर्धा तास भिजवायचे. कॉलर आणि बाह्या आधी वडीने घासायच्या. पाणी जड असेल तर सोडा. खरेदी करताना किलोचा भाव.

जीएसटी परिषद डिटर्जंटचा दर पुढे कधी कमी करेलही. पण केला तरी महिन्याला वाचतील तीसेक रुपये. त्याच्या दुप्पट-अडीचपट पैसे वाचवणारा चमचा मात्र आजच डब्यात ठेवता येतो.