दारावरचे हिरवे कडे

दार हे घराचे मुख होय. आंब्याच्या पानांचे तोरण दिसले की घरी मंगलकार्य आहे, हे वाटसरूसही न विचारता कळते. आमचे छत्रपती संभाजीनगर तर दरवाज्यांचेच शहर. मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे नगर वसविले आणि १६१२ साली विजयाचे स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभारिला. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा ही नावे आजही आमच्या बोलण्यात दिशादर्शक म्हणून येतात. अशा गावी दारावर काय लावावे हा प्रश्न क्षुल्लक मानणे बरे नव्हे.

हा प्रश्न सिडको भागातील एका गृहस्थांनी आम्हांस पत्राने विचारिला आहे. त्यांचा पुतण्या जर्मनीत नोकरीस असून तेथीलच मुलीशी त्याचा विवाह झाला. सूनबाई प्रथमच नाताळात सासरी येत आहेत आणि माहेरच्या रीतीप्रमाणे हिरव्या पानांचे वाटोळे कडे दारावर लावण्याची त्यांची इच्छा आहे. घरातील वडीलधाऱ्या आत्याबाई म्हणतात, "पुष्पचक्र मेलेल्या माणसास वाहतात; ते भरल्या घराच्या दारावर कशास?" तरुण मंडळींनी तोड काढिली की बाजारातून प्लास्टिकचे कडे आणावे. आता काय करावे?

आत्याबाईंची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. 'पुष्पचक्र' हा शब्द आपल्या भाषेत श्रद्धांजलीशीच जोडला गेला आहे. परंतु एकाच वस्तूचे दोन अर्थ असू शकतात. पांढरे वस्त्र आपल्याकडे वैधव्याचे मानीत, तर युरोपात वधू तेच नेसते. ग्रीक व रोमन लोक विजयी वीराच्या मस्तकी पानांचेच कडे घालीत. समाधीवर वाहावयाचे चक्र मुख्यतः फुलांचे असते व ते भूमीवर ठेवितात. नाताळचे कडे सदाहरित पानांचे असते व ते दारावर उभे टांगितात.

सदाहरित पानेच का, हे जाणण्यासारखे आहे. त्या थंड देशांत मार्गशीर्ष-पौषात बहुतेक वृक्ष निष्पर्ण होतात. सूचिपर्णी वृक्ष, आयव्हीची वेल आणि होली नावाचे काटेरी पानांचे झुडूप एवढीच काय ती हिरवी राहतात. म्हणून ती पाने म्हणजे न मरणाऱ्या जीवनाची खूण. वर्तुळास आदि नाही, अंत नाही. ख्रिस्ती भाविक त्यात ईश्वराचे अनंतत्व पाहतात. होलीच्या काट्यांत येशूचा काटेरी मुकुट आणि तिच्या तांबड्या फळांत त्याचे रक्त त्यांस दिसते. याच कड्याचे एक भावंड मेजावर ठेवितात. १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकाने आपल्या आश्रमातील निराधार मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या आणि नाताळापर्यंत रोज एक लाविली. मुलांस दिवस मोजता यावेत, हा हेतू.

आता आपल्याकडे पाहू. आंबा हाही सदापर्णी वृक्ष. दारावरील माळेस संस्कृतात 'वन्दनमाला' असे सुंदर नाव आहे. प्राचीन शिल्पशास्त्रात द्वाराच्या चौकटीवर कोरलेल्या पानांच्या पट्टीस 'पत्रशाखा' म्हणतात. जिवंत हिरवेपण दाराशी असावे, ही भावना दोहोंकडे एकच आहे. नाताळही मराठीस परका नाही. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती खेडे वसविले.

तेव्हा आमचे मत असे की कडे अवश्य लावावे. कारण त्या घरात ते मनापासून मानणारे एक माणूस राहावयास येत आहे. ज्या घरी नाताळ कोणीच मानीत नाही, त्यांनी ते निव्वळ शोभेखातर आपल्या दारी लावण्यापेक्षा घरी करून ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे द्यावे. प्लास्टिकचे मात्र कोणीच लावू नये. जे कधी हिरवे नव्हतेच, ते हिरवेपणाची साक्ष कशी देणार?

कृती अवघड नाही. बुरुडाकडून बांबूची लांब कामटी आणून रात्रभर पाण्यात भिजवावी, म्हणजे ती न मोडता वाकते. तिचे सुमारे ४५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ करून टोके सुतळीने बांधावीत. त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या चुंबळीसारख्या गुंडाळाव्या. मग सुरूच्या वीतभर डहाळ्यांच्या, प्रत्येकी पाच-सहांच्या, जुड्या कराव्या. एक जुडी बांधली की दुसरीचा शेंडा पहिलीच्या देठांवर येईल अशी, एकाच दिशेने बांधीत जावे. परीघ सुमारे १४१ सेंटिमीटर भरतो. सहा-सहा सेंटिमीटरवर एक, या हिशेबाने २३-२४ जुड्या लागतात. मुलांस हे गणित आधी सोडवावयास द्यावे.

होली व बर्फ आपल्याकडे कोठून आणावे? मराठवाड्यात या दिवसांत कापूस फुटलेला असतो. उमललेली पाच-सात बोंडे देठासह खोवावीत. बर्फाची उणीव भासणार नाही. तांबड्या रंगासाठी पिकली बोरे किंवा वाळक्या मिरच्या घ्याव्या, जोडीस ज्वारीचे एखादे कणीस. गुंजा कितीही मोहक दिसल्या तरी लावू नयेत. त्या अत्यंत विषारी असतात आणि लहान मूल हाती लागेल ते तोंडात घालते. कण्हेरीची पानेही त्याच कारणास्तव वर्ज्य. वाळलेला सुरू झटकन पेट घेतो, म्हणून दारावरील कड्यात मेणबत्ती किंवा पणती लावू नये. आमच्याकडील हवा हिवाळ्यात कोरडी असते. एक दिवसाआड पाणी शिंपडावे.

चुंबळ वळणे आत्याबाईंस येत असणार, ते सूनबाईंस येणार नाही. जुड्या बांधणे सूनबाईंस येईल, ते आत्याबाईंस ठाऊक नसेल. दोघींनी एकत्र बसून हे काम करावे असे आम्ही सुचवितो. एकमेकींची भाषा येत नसली तरी सुतळीचे टोक धरावयास भाषा लागत नाही. चौकटीवर आत्याबाईंनी आंब्याचे तोरण बांधावे, खाली दाराच्या फळीवर कडे टांगावे. एकाने दुसऱ्याची जागा अडविण्याचे कारण नाही.

नाताळापूर्वीच्या चार रविवारांपासून ६ जानेवारीपर्यंत कडे ठेवण्याची पुष्कळ ठिकाणी रीत आहे. उतरविल्यावर ते उकिरड्यावर टाकू नये. बोरे व कणीस पाखरांस घालावे, सुरू झाडांच्या आळ्यात पुरावा, बोंडांतील कापूस पिंजून देवघरातील समईच्या वाती कराव्या. बांबूचे कडे तेवढे खुंटीस टांगून ठेवावे. पुढील वर्षी कामटी भिजविण्याचे श्रम वाचतील.