नळ आला, पण गल्लीचा रस्ता उखडलेलाच: दुरुस्ती कोणाच्या खर्चाने?

ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळाने पाणी पोहोचवण्यासाठी 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. तेव्हा देशातील सुमारे 3.23 कोटी ग्रामीण घरांत नळजोडणी होती. आता ही संख्या 15 कोटींच्या पुढे गेली आहे. एवढ्या घरांपर्यंत जलवाहिनी न्यायची तर गल्लीबोळ खोदावे लागणारच. तक्रारी आहेत त्या खोदकामानंतरच्या. चर नुसत्या मातीने बुजवला जातो, फोडलेले काँक्रीट तसेच राहते आणि पहिल्या पावसात रस्ता खचतो. उत्तर प्रदेशासह अनेक राज्यांत हीच तक्रार आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढवली आहे. म्हणजे अनेक ठिकाणी खोदकाम अजून व्हायचे आहे.

याचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. निवृत्तिवेतन काढायला बँकेत जाणारे वृद्ध, व्हीलचेअर वापरणाऱ्या दिव्यांग व्यक्ती आणि प्रसूतीसाठी रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्या महिला यांना खचलेला चर सर्वाधिक अडवतो.

पैसा कोठून येतो?

नळयोजनेच्या अंदाजपत्रकात खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याची बाब सहसा धरलेली असते. ती धरलेली असेल, तर दुरुस्ती हा त्याच कामाचा भाग ठरतो आणि ती कंत्राटदाराने करायची असते. प्रत्यक्षात अनेकदा वेगळेच घडते. लोकांची ओरड वाढली की ग्रामपंचायत स्वतःच्या निधीतून रस्ता करून घेते.

वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही, पण गावाचे नुकसान इथेच होते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानाचे उदाहरण घ्या. त्यातील मूळ अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता. गावाच्या इतर गरजांसाठी उरला 40 टक्के. पथदिवे, गटारे, अंगणवाडीची डागडुजी यांसाठी हाच पैसा वापरायचा. तो कंत्राटदाराच्या अपुऱ्या कामावर खर्च झाला, तर एकाच रस्त्याचे पैसे दोनदा मोजले जातात आणि दुसरे एखादे काम मागे पडते.

रस्ता कोणाचा, हे आधी पाहा

- गावातील गल्ली: जबाबदारी साधारणपणे ग्रामपंचायतीची. जलवाहिनीसाठी खोदली असल्यास आधी पाणीपुरवठा योजनेचे कंत्राट तपासा.
- गावाला जोडणारा रस्ता: तो प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून झाला असल्यास बांधकामानंतर 5 वर्षे देखभाल करणे त्याच कंत्राटदारावर बंधनकारक असते. तक्रार ‘मेरी सडक’ ॲपवर करता येते. गावातील गल्ल्या सहसा या योजनेत येत नाहीत, त्यामुळे त्यांची तक्रार तिथे करून उपयोग होत नाही.
- शहरातील वस्ती: जबाबदारी नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची. रस्ता खोदण्याची परवानगी देताना या संस्था सहसा पुनर्बांधणी शुल्क घेतात. ते कोणी भरले, याची विचारणा करा.

चर बुजवण्यापूर्वी काय पाहावे?

जलवाहिनीची दाबचाचणी चर बुजवण्याआधी झाली पाहिजे. नाहीतर गळती सापडल्यावर तोच रस्ता पुन्हा फोडावा लागतो. माती थराथराने टाकून प्रत्येक थर दाबला पाहिजे. सगळी माती एकदम लोटली, तर वरचे काँक्रीट चांगले असूनही खालून खचते. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर रस्त्याची छायाचित्रे काढून ठेवा. पुढे हाच पुरावा उपयोगी पडतो.

तक्रार कशी करावी?

1. ग्रामपंचायतीला आणि ग्राम पाणीपुरवठा समितीला लेखी अर्ज द्या व पोच घ्या. जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या समितीत 50 टक्के महिला आणि 25 टक्क्यांपर्यंत दुर्बल घटकांचे प्रतिनिधी असावेत.
2. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: अंदाजपत्रकात रस्तादुरुस्तीची रक्कम किती आहे? ती कंत्राटदाराला दिली का? दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, कधी संपते? प्रश्न आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या.
3. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करा. माहिती साधारणपणे 30 दिवसांत मिळायला हवी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क माफ आहे, पण पुरावा जोडावा लागतो. या कायद्याने कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे.

कामे आणि पदे यांची नावे राज्यानुसार बदलतात. विचारायचे प्रश्न मात्र सगळीकडे हेच आहेत.

लक्षात ठेवा: कंत्राटदाराचे अंतिम देयक निघाल्यानंतर आणि दोषदायित्व कालावधी संपल्यानंतर त्याच्याकडून काम करून घेणे अवघड होते. त्यामुळे घरात पाणी आले तरी गल्ली पूर्ववत झाल्याशिवाय ‘काम पूर्ण झाले’ अशा ग्रामसभेच्या ठरावाला किंवा पंचनाम्याला संमती देऊ नका. रस्ता अपुरा असल्याची नोंद त्याच कागदावर करून घ्या.