शाळेचे मैदान आणि घरचा पडदा

शालेय फुटबॉलचा सामना थेट दाखविला तर मैदानावरची गर्दी आटेल काय? आता साध्या फोनवरूनही सामना घरोघर दाखविता येतो. तेव्हा क्रीडाशिक्षकांस ही धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आपला सामना पडद्यावर दाखविणे निराळे, आणि आपल्या सामन्याच्याच वेळी दुसरा मोठा सामना पडद्यावर असणे निराळे. मैदान ओस पडते ते बहुधा दुसऱ्या कारणाने.

अमेरिकेत महाविद्यालयीन संघटनेने गर्दी घटेल या भयाने 1951 साली आपल्याच सामन्यांच्या प्रक्षेपणावर मर्यादा घातली. 1984 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. सामने चालत त्या साऱ्या वेळी पडद्यावर कोणता ना कोणता सामना असेच. मग गर्दीचे रक्षण ते कसले, असा न्यायालयाचा एक मुद्दा होता. 1961 च्या कायद्याची दृष्टी अधिक व्यवहारी होती. त्याने धंदेवाईक संघांस प्रक्षेपणाच्या करारांत सवलत दिली, पण हंगामातील शुक्रवारची संध्याकाळ व शनिवार जवळपासच्या शाळा-महाविद्यालयांच्या सामन्यांसाठी राखून ठेवला. इंग्लंडातही शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच सामने थेट दाखवीत नाहीत, ते धाकट्या क्लबांचे प्रेक्षक घरी बसू नयेत म्हणून. गंमत अशी की, त्या वेळचे तिकडचे सामने आपल्याकडे रात्री खुशाल दिसतात!

गाण्याचा अनुभवही हाच आहे. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम 1952 साली सुरू झाला, आणि 1953 साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव. रेडिओमुळे तो मंडप रिकामा पडला नाही. रेडिओवर ऐकलेला गवई समोर बसून ऐकावा, अशी ओढच लागली. मात्र मोठ्या जलशाच्या रात्री कोणी आपल्या शिष्याची बैठक ठेवील, तर सतरंजी रिकामी राहील. दोष त्या शिष्याच्या गळ्याचा नसतो.

आपल्या शहराला हे विशेष कळावे. काचीगुड्याच्या व चादरघाटच्या शाळांतून शिकविणारे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत 1956 साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. हैदराबादेत दूरदर्शन आले ते 1977 साली. पुढे हैदराबाद एफसीने 2022 साली इंडियन सुपर लीग जिंकली. पण साथीमुळे ते दोन्ही हंगाम गोव्यात झाले व येथील लोकांनी आपला संघ पडद्यावरच पाहिला. 2025 साली तो संघ दिल्लीस गेला. उरली ती शाळांची मैदाने.

म्हणून शाळांनी सामना अवश्य दाखवावा. परगावचे आजोबा नातवाचा खेळ पाहतील, त्यात मैदानाचे काही जात नाही. जपावयाची ती वेळ. अंतिम सामना मोठ्या प्रक्षेपणाच्या संध्याकाळी न ठेवता रविवारी सकाळी ठेवावा, आणि पालकांस आठवडाभर आधी कळवावे. चौदा वर्षांच्या मुलाने गोल केल्यावर मान वर केली, तर समोर चार ओळखीचे चेहरे दिसले पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी तो मैदानावर येईलच, असे कोणी समजू नये.