भाड्याच्या घरात धुणे वाळवायचे कुठे?

पुण्यात भाड्याने वन बीएचके बघायला गेले की एजंट 'वॉशिंग मशीनचा पॉइंट आहे' हे आवर्जून सांगतो. टोकन देऊन मोकळे झाल्यावर कळते, की पॉइंट म्हणजे बाथरूममधला एक नळ आणि दाराशेजारी 6 अँपिअरचा सॉकेट. पाणी तापवणारे फ्रंट लोड मशीन 2000 वॅटच्या आसपास वीज ओढते. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. सांडपाण्याची नळी नहाणी ट्रॅपच्या जाळीत खुपसलेली असते, त्यामुळे मशीनने पाणी सोडले की बाथरूमभर फेस होतो.

तरी एकवेळ हे चालवून घेता येते. वायरमन आणि प्लंबर बोलावले की प्रश्न सुटतो. माझी खरी तक्रार पुढची आहे. कपडे धुऊन झाल्यावर ते वाळत घालायचे कुठे?

नकाशात त्यासाठी ड्राय बाल्कनी असते. पण भाड्याच्या कितीतरी घरांत ती स्लायडिंग लावून स्वयंपाकघरात घेतलेली असते, नाहीतर मालकाच्या जुन्या सामानाने भरून कुलूपबंद असते. समोरच्या गॅलरीत दोरी बांधली, तर इमारतीचा दर्शनी भाग खराब दिसतो म्हणून सोसायटीची नोटीस येते. खालच्यांच्या अंगावर पाणी ठिबकते, ही तक्रार मला मान्य आहे. निथळलेले कपडेच बाहेर घालावेत, असा नियम जरूर करा. पण नुसत्या दिसण्यासाठी ऊन-वारा नाकारणे मला पटत नाही. लॉन्ड्रीत टाका, असा सल्ला देणाऱ्यांनी तान्ह्या बाळाची दुपटी आणि घरातल्यांची अंतर्वस्त्रे कोण लॉन्ड्रीत पाठवतो, ते सांगावे.

मग उरतो हॉल. स्टँडवर, खुर्च्यांच्या पाठींवर, पंख्याखाली कपडे पसरायचे. मशीनमध्ये पिळून निघालेल्या एका मोठ्या धुण्यातही दोन-तीन लिटर पाणी असते, आणि ते सगळे खोलीच्या हवेत उतरते. जुलैत खिडक्या बंद असताना हे रोज घडले, की कपाटामागच्या भिंतीवर आधी काळे ठिपके दिसतात, मग रंगाचे पोपडे सुटतात. कपड्यांना कुबट वास येतो तो वेगळाच. घरात कुणाला दमा असेल तर त्याचे हाल विचारू नका. आमच्या आधीच्या घरी भिंतीने अशीच ओल धरली होती. घर सोडताना मालकांनी रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापून घेतला. वाळवायची जागा त्यांनीच बंद केली होती, ओल त्यामुळे आली, आणि भरपाई आम्ही केली. हा अन्याय आहे.

कायद्याचा आधार शोधला तर फारसा सापडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतके ठरवले आहे. भाडेकरूने केलेली मोडतोड वगळता भिंतींची रंगसफेदी, नळ-पाइप बदलणे आणि वायरिंग ही कामे त्यात मालकाकडे दिली आहेत. पण हा केवळ नमुना आहे, तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो.

तोवर वाट बघत बसायची गरज नाही. अकरा महिन्यांच्या करारात पंखे, गीझर, ट्यूबलाइटची यादी आपण देतोच. त्याच यादीत मशीनसाठी 16 अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र नळ आणि सांडपाण्याची वाट, शिवाय कपडे वाळवण्याची मोकळी जागा लिहावी. ती जागा मालकाने बंद केली असेल तर चावी भाडेकरूला द्यावी. सोसायट्यांनी गच्चीवर दोऱ्या बांधून द्याव्यात आणि तिथे भाडेकरूंनाही जाऊ द्यावे. मेंटेनन्स अखेर त्यांच्याच भाड्यातून भरला जातो. आणि करारात ही जागा नसेल, तर ओलीने खराब झालेल्या भिंतीचे पैसे डिपॉझिटमधून कापण्याचा अधिकार मालकाला राहू नये.

आपला,
एक भाडेकरू, कोथरूड, पुणे