थंडी, बंद पडलेला गीझर आणि आपला शेजारधर्म

बेळगावला पूर्वीचे लोक गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात कार्तिक संपता संपता पहाटेचा गारठा सुरू होतो आणि संक्रांतीपर्यंत तो हाडात मुरतो. निपाणी, खानापूर, येळ्ळूर, कडोली या भागांतही वेगळी परिस्थिती नाही. खोली तापवणारी यंत्रे आपल्या घरांत फारशी नसतात. आपल्या घरातील ऊब म्हणजे न्हाणीतले ऊन पाणी, स्वयंपाकघरातला विस्तव आणि अंगावरची वाकळ. यातले पहिले साधन ऐन थंडीत बंद पडले की काय करावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. सीमाप्रश्नावर लिहिणाऱ्या या पत्रकाने गीझरवर अग्रलेख का लिहावा, असेही कोणी विचारील. पण या प्रश्नात आपल्या वृद्धांचा जीव आहे आणि आपल्या भाषेचा हक्कही आहे, म्हणून आम्ही तो मुद्दाम मांडत आहोत.

तीस-चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. अनंतशयन गल्लीपासून शहापूर-वडगावपर्यंत जुन्या घरांच्या न्हाणीत तांब्याचा बंब असे. वखारीतून बंबफोड यायची, खेड्यात शेणी, करवंट्या, चिपाडे चालायची. बंबाला बिघाड असा नव्हताच. पुढे घरे लहान झाली, धूर नकोसा झाला, बंब मोडीत गेले आणि त्यांच्या जागी विजेचा किंवा गॅसचा गीझर आला. सोय झाली यात शंका नाही. मात्र घरातील सगळी ऊब एका तारेवर किंवा एका सिलिंडरवर येऊन ठेपली. त्याच काळात घरातली मुले पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला गेली. आज आपल्या जुन्या वस्तीतल्या कितीतरी घरांत सत्तरीपुढचे नवरा-बायको किंवा एकटी आजी राहते.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो. दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. थंडीच्या दिवसांत त्यांच्या बोलण्यात हमखास एक विषय निघतो. गीझर बंद आहे, दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणून आठ दिवस झाले, चार दिवस आंघोळ नाही. एका आजोबांनी तर सांगितले, "रात्री शेगडी खोलीत आणून ठेवतो, दार लावून घेतो, छान ऊब येते." हे ऐकून आम्ही हबकलो. त्यांना ताबडतोब सांगितले ते इथेही सांगतो.

बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे मरणाला आमंत्रण. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बेळगावातच, अमन नगरात, थंडीमुळे खोलीत कोळसा पेटवून झोपलेल्या तीन तरुणांचा गुदमरून मृत्यू झाला. ऐन विशीतली मुले होती ती. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस जागा होतो. फुललेल्या कोळशाला धूर नसतो आणि तिथेच फसगत होते. हा वायू रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. म्हणून शेगडी पेटवायची तर अंगणात, पडवीत, उघड्यावर. घरातला गॅसचा चुलाही उबेसाठी पेटता ठेवू नये. कोणाला अशी लक्षणे दिसली तर दारे-खिडक्या उघडाव्या, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर फोन करावा.

गॅसच्या गीझरचेही तसेच आहे. लहान, खिडकी नसलेल्या न्हाणीत तो बसवला तर आंघोळ करताकरता हवेतील प्राणवायू कमी होतो आणि तोच विषारी वायू साचतो. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, वारा खेळेल अशा जागी बसवावा, हा नियम समजावा.

गीझर बंद पडला की बहुतेक घरांत पाण्यात टाकायचा रॉड बाहेर निघतो. त्याने दरवर्षी कुठे ना कुठे शॉक बसतोच. रॉड आधी पाण्यात सोडावा, मगच बटण लावावे. पाणी तापले का हे पाहायला बोट घालण्याआधी बटण बंद करून पिन काढावी. लोखंडी बादली वापरू नये. प्लॅस्टिकच्या बादलीला रॉड टेकू देऊ नये. घरात लहान मूल असेल तर न्हाणीला बाहेरून कडी असावी. आपल्या जुन्या वाड्यांतील वायरिंग दिवे आणि पंखे यांच्यासाठी केलेले असते. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला वेगळी जाड तार, अर्थिंग आणि मोठ्या पिनचा सॉकेट हवाच. शॉक बसताच वीज तोडणारे उपकरण मीटरपाशी बसवून घेतले तर तो खर्च वाया जात नाही.

पुष्कळदा तर गीझर बिघडलेलाच नसतो. विजेचा दाबच कमी असतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर तापवण्याची शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. अर्ध्या तासात तापणाऱ्या बादलीला पाऊण तास लागतो. सकाळी सहा-सातला गल्लीतील सगळे गीझर एकदम सुरू होतात तेव्हा हे घडते. तेव्हा मेकॅनिकला बोलावण्याआधी शेजारी विचारावे. त्यांच्याकडेही पाणी कोमटच येत असेल तर तक्रार वीज कंपनीकडे करायची. बोअरच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षाराचा थर बसतो, त्यामुळेही पाणी उशिरा तापते. दिवाळीपूर्वी एकदा साफसफाई करून घेतली तर डिसेंबरात खोळंबा होत नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

आता थोडा हिशेब. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धे युनिट वीज लागते. घरात पाच माणसे असतील तर रोज अडीच आणि महिन्याला पंचाहत्तर युनिट केवळ आंघोळीचे झाले. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. तिच्यात २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी भर घालून तेवढी वीज, कमाल दोनशे युनिटपर्यंत, मोफत मिळते. मात्र महिन्याचा वापर दोनशेच्या वर गेला तर संपूर्ण बिल भरावे लागते. गीझर बंद म्हणून दिवसभर खोलीत हीटर लावून ठेवला तर महिन्याअखेर काय होईल हे यावरून समजावे. गीझर दुरुस्त होईपर्यंत वृद्धांनी रोज डोक्यावरून आंघोळ केलीच पाहिजे असे शास्त्र नाही. ऊन पाण्यात पंचा पिळून अंग पुसून घ्यावे, आंघोळ दुपारी उन्हात तापल्या वेळी करावी. रात्री डोक्याला कानटोपी, पायांत मोजे आणि एका जाड रगाऐवजी दोन-तीन पातळ पांघरुणे घ्यावीत, थरांमध्ये हवा अडकून ऊब टिकते. गरम पाण्याची पिशवी मधुमेही माणसाच्या पायाला थेट लावू नये. पायाची संवेदना कमी झालेली असल्याने भाजलेले कळत नाही.

आता हक्काची गोष्ट. वीज गेली, ट्रान्सफॉर्मर जळाला, दाब कमी आहे, तर १९१२ वर फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ नुसार वीज कंपनीला सेवेचा ठरलेला दर्जा राखावा लागतो आणि तो न राखल्यास ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर लोकपाल आहे. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कागलला महावितरणचे बिल मराठीत येते. तिथून काही मैलांवर निपाणीत तीच आजी बिल हातात घेऊन वाचून दाखवणारा शोधते. अडचणीच्या वेळी कुठे फोन करायचा, काय मागायचे हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगत नाही.

भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती पंधरा टक्क्यांच्या वर असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरण १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झालेले आहे. संविधानाचे कलम ३५० तर त्याहून स्पष्ट आहे. गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा लेखी तक्रार मराठीत करा, पोच घ्या, प्रत जपून ठेवा. आमचा वाद लाइनमनशी नाही. तो बिचारा कन्नड बोलो वा मराठी, डिसेंबरच्या पहाटे आपल्यासाठीच खांबावर चढतो. त्याला गरम चहा द्यावा आणि वरच्या साहेबांना मराठीत अर्ज द्यावा. सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा आपल्या भाषेच्या मागण्या मोठ्या आवाजात मांडल्या जातात, त्या मांडल्याच पाहिजेत. पण हक्क वापरला नाही तर गंजतो आणि तो वापरायला वीजबिलाइतकी जवळची जागा दुसरी नाही.

सरकार करील तेव्हा करील. सीमालढ्याची खटली वर्षानुवर्षे चालली आहेत. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ पासूनचा आहे. तोवर आपल्या गल्लीतील आजीने थंड पाण्याने आंघोळ करावी असे थोडेच आहे? गणेशोत्सव मंडळांनी, तालमींनी आणि महिला मंडळांनी आपापल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. एक विश्वासू वायरमन आणि एक गीझर दुरुस्त करणारा ठरवून त्यांचे क्रमांक मंडळाच्या फलकावर मराठीत लावावे. गीझर बंद पडलेल्या घरी शेजारच्याने सकाळी एक बादली ऊन पाणी पोचवावे. पुण्या-मुंबईच्या मुलांनी फोनवर "जेवलीस का" याबरोबर "गीझर चालू आहे का, रात्री खिडकी थोडी उघडी असते का" एवढे विचारावे.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत. दिवाळीत मंडळाच्या बैठका भरतात, तिथेच ही यादी पूर्ण व्हावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.