खिसा कोणाचा, तिजोरी कोणासाठी?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०२५-२६ सालचे अंदाजपत्रक लोकसभेला सादर केले आणि त्याच दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचा गौरव केला. एरवी अंदाजपत्रकाचा रोख सरकारी तिजोरी कशी भरेल याकडे असतो. हे अंदाजपत्रक मात्र नागरिकांचा खिसा कसा भरेल याचा विचार करते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आपल्याच मंत्रिमंडळाच्या अंदाजपत्रकाची पंतप्रधानांनी भलामण करावी, यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, हे नागरिक कोण आणि त्यांचा खिसा आधी रिकामा कोणी केला?

गौरवाचा मुख्य आधार म्हणजे १२ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाला मिळालेली प्राप्तिकराची माफी. तिच्यापायी सुमारे १ लाख कोटींच्या महसुलावर सरकारने पाणी सोडले. महागाईने पिचलेल्या पगारदारांना मिळालेल्या या सवलतीस कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु तिला औदार्य म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये याच सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला व वर्षाकाठी १ लाख ४५ हजार कोटींची खोट स्वतःच मान्य केली. २०१८-१९ साली कंपन्यांनी सुमारे ६ लाख ६३ हजार कोटी भरले होते, तर प्राप्तिकर ४ लाख ७३ हजार कोटी होता. २०२५-२६ च्या अंदाजात, नवी माफी जमेस धरूनही, प्राप्तिकर १४ लाख ३८ हजार कोटी आणि कंपन्यांचा कर १० लाख ८२ हजार कोटी! पारडे पार उलटे झाले. उजव्या हाताने काढून घेतलेल्या रुपयातील काही आणे डाव्या हाताने परत करायचे आणि त्यालाच खिसा भरणे म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

बड्या भांडवलदारांना सूट दिली की गुंतवणूक होईल व रोजगार वाढेल, हे त्या वेळचे आश्वासन. त्याचे काय झाले, हे सरकारच्याच आर्थिक पाहणीने अंदाजपत्रकाच्या आदल्या दिवशी सांगितले: २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार अवघ्या १.५ टक्क्याने. पंतप्रधानांच्या गौरवोद्गारांत या आकड्यांना स्थान नव्हते.

आणि ज्यांचे उत्पन्न करपात्र होण्याइतके कधी नव्हतेच, त्या खेतमजुरांचे, विडी कामगारांचे काय? प्राप्तिकराच्या माफीने त्यांच्या पदरात काय पडले? वस्तू व सेवा कराचा ११ लाख ७८ हजार कोटींचा अंदाज त्यांच्याही रोजच्या खरेदीवर उभा होता. त्यांच्या वाट्याची रोजगार हमी मात्र आदल्या वर्षीच्याच ८६ हजार कोटींवर गोठविण्यात आली. २०२०-२१ साली तिच्यावर १ लाख ११ हजार कोटी खर्च झाले होते. डिसेंबर २०२५ मध्ये तर मूळ कायद्याच्या जागी नवा कायदा संमत करण्यात आला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाल्याची दवंडी पिटली गेली. पण पूर्वी अकुशल मजुरीचा सारा भार केंद्रावर असे, आता बहुतेक राज्यांच्या माथी एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा मारण्यात आला. ज्या राज्याची तिजोरी रिती, तेथील मजुराची हमी कागदावरच राहणार.

तुटीला आवर घालावयाचा तर हात आखडता घ्यावाच लागतो, असे समर्थक म्हणतील. मग हा आखडता हात मजुराकडेच का वळतो? कंपन्यांना सूट देताना तो मोकळा कसा होतो? हा अंकगणिताचा नव्हे, वर्गहिताचा प्रश्न आहे.

म्हणून पगारदाराची सवलत व मजुराची हमी यांत झुंज लावण्याचा डाव ओळखला पाहिजे. दोघांच्याही खिशातून गेलेला पैसा कोठे साचला, हे आकड्यांनिशी दारोदार सांगणे, हेच या गौरवगीताला चोख उत्तर होय.