जुना लॅपटॉप भंगारात द्यायचा की लिनक्स टाकायचं?

निलंग्यात काय किंवा लातुरात काय, अनेक घरांत मुलांच्या ऑनलाइन लेक्चरसाठी घेतलेला जुना लॅपटॉप आहे. तो अजून चालतो. मग विंडोज १० संपलं म्हणून नवा घ्यायचाच का?

नेमकं झालंय काय?
मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची जादा मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यानंतर नव्या त्रुटी उघड्याच राहतात. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होत असतील, तर हा धोका खरा आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक जुने लॅपटॉप बाद ठरतात.

लिनक्सने काय होतं?
लिनक्स मिंट मोफत आहे आणि ४ जीबी रॅमवर चालतं. युनिकोड मराठी टाइप होते. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे ठेवा.

अडचण कुठे?
टॅली, श्रीलिपी विंडोजसाठी बनलेत. डिजिटल सहीचं टोकन चालेलच असं नाही.

थोडक्यात, लेक्चर, फॉर्म, यूट्यूब एवढंच काम असेल तर लिनक्स पुरतं. पोट टॅलीवर असेल, तर घाई नको.